स्वित्झर्लंडवरून झालेली मारामारी

आम्ही तिघं एकाच गाडीतून कामाला जायचो. गाडी आप्पांची. पुंडलिकनगरच्या चौकात सकाळी मी आणि भाऊ उभे असायचो. आप्पा आले की भाऊ पुढं बसायचे, मी मागं. मागचं डावं दार आतून उघडायचं नाही, म्हणून कंपनीत पोचल्यावर भाऊ उतरून माझं दार उघडायचे आणि रोज म्हणायचे, "उतरा, राणीसाहेब." चितेगावच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे बारीक सुटे भाग होतात. मी टूलरूममध्ये ड्रॉइंग करते. भाऊ मेंटेनन्सला. आप्पा मापं तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख, वयानं आमच्यात सगळ्यांत मोठे. पैठणकडच्या एका गावात त्यांची बागायत जमीन आहे, मोसंबीची बाग आहे, आणि रविवारी ते तिथंच असायचे.

कंपनीनं त्यांना एकदा स्वित्झर्लंडला पाठवलं. मोजमापाचं नवं यंत्र यायचं होतं, ते शिकायला. दोन आठवड्यांनी आप्पा परत आले, पण निम्मेच. उरलेले निम्मे तिकडंच राहिले. गाडीनं नक्षत्रवाडी ओलांडली की ते सुरू व्हायचे. तिथली आगगाडी, तिथले बोगदे, डोंगरावर दात्यांच्या रुळावरून चढणारं इंजिन. भाऊंना हे सहन व्हायचं नाही.

"घड्याळ आन् चॉकलेट सोडून सांगा, आप्पा. तुमच्या स्विसवाल्यांनी दुनियेला दिलं काय?"

"स्लायडिंग हेडची लेथ. घड्याळाचे केसाएवढे स्क्रू काढायला बनवली त्यांनी. आपल्या शॉपमदी रांगेनं उभ्या हायेत. तुझा पगार तिच्यावर निघतो."

"पगार तिच्यावर निघतो, अन् ती बंद पडली की माझा जीव निघतो. पुढं."

"वेल्क्रो. एक इंजिनियर कुत्रं घेऊन शिकारीला गेला. घरी आला तर कुत्र्याच्या अंगाला आन् ह्याच्या प्यांटीला गोखरूवाणी बोंडं चिकटलेली. त्यानं ती भिंगाखाली धरली—"

"आमच्या आज्याच्या धोतराला रोज चिकटायची," भाऊ म्हणायचे. "पर आज्याकडं भिंग नव्हतं, अन् कुत्रं घेऊन हिंडायला टाईमबी नव्हता. दुसऱ्याच्या रानात राबत होता तो."

आप्पा यावर गिअर बदलायचे. मग म्हणायचे, "अल्युमिनियमचा कागद?" आणि परत सुरू. डीडीटीनं किडे मरतात हे शोधणारा स्विस. बटाटे सोलायचं ते झटपट सोलणं स्विस. इंटरनेटची वेब तिथल्या प्रयोगशाळेत जन्मली, असं आप्पा म्हणाले की भाऊ उसळायचे, "माणूस इंग्रज होता! जागा दिली म्हणून बारशाला तुमचं नाव?" भाऊंकडं एकच हुकमी पान होतं: आपली पनचक्की. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून शहरात आणलं आणि त्याच्यावर जातं फिरवलं, तेव्हा तुमचे स्विस काय करत होते? "शेळ्या राखत होते," आप्पा कबूल करायचे, "पर त्यानंतर त्यांनी अभ्यास केला. आपण बाहेर तिकीटघर बांधलं."

निकाल द्यायचं काम माझं. मी रोज कुणाच्या तरी विरुद्ध द्यायची आणि शिव्या खायची.

हे सगळं हसत चालायचं, पण ऐकणाऱ्याला तसं वाटायचं नाही. भाऊ डॅशबोर्डवर मूठ आपटायचे. "मुडदा पाडीन आज तुमचा!" असं ओरडायचे. आप्पा स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करायचे आणि मी मागून किंचाळायची. एकदा कंपनीच्या गेटपाशी दोघं एवढे पेटले होते, की वॉचमन धावत आला आणि त्यानं भाऊंना मागून कवळा घातला.

तो दिवस उन्हाळ्यातला. पहिली पाळी सुटल्यावर आम्ही घरी निघालो आणि पैठण रोडवरच्या नेहमीच्या पत्र्याच्या हॉटेलात चहाला थांबलो. मालक बाहेरच्या कढईत भजी तळत होता. आम्ही एका बाकावर. आमच्या मागच्या बाकावर चार पोरं होती, पंचविशीतली. त्यातल्या एकाचा शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाकीचे तिघं त्याच्याकडं बघून हसत होते आणि तो थांबला की थांबत होते.

आप्पांचं सेलोफेन चाललं होतं. पारदर्शक कागद, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तो. "तो गडी हॉटेलात बसला होता. शेजारच्याच्या हातून टेबलावर दारू सांडली. पांढरं कापड सगळं नासलं. ह्याच्या डोक्यात आलं, अशी काही तरी गोष्ट पाहिजे की डागच नाय पडला पाहिजे—"

"दारू सांडली म्हणून शोध?" भाऊ म्हणाले. "मग आमच्या गल्लीत तर रोज एक शोध लागायला पाहिजे होता."

"अरे सांडली कशी ते तर आइक! असा हात गेला—" म्हणत आप्पांनी हात मागं फेकला. त्या हातात चहाचा भरलेला ग्लास होता, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

चहा पांढऱ्या शर्टावर, छातीपासून मांडीपर्यंत. ग्लास फरशीवर फुटला. आणि भाऊ हसले. मीही हसले. आम्हाला ते हसू आवरलंच नाही, कारण सेलोफेनच्या गोष्टीतलं कापड आमच्या डोळ्यांसमोर होतं.

आप्पा लगेच उठले. "माफ करा भैय्या, चुकून झालं," म्हणत त्यांनी स्वतःचा रुमाल काढला आणि त्याचा शर्ट टिपायला वाकले. त्यानं वाकलेल्या आप्पांच्या कानफटात मारली. चष्मा उडाला.

"ए!" भाऊ उभे राहिले. "बुजुर्ग माणूस हाये. हात कशाला लावतो?"

"तू कोण रे? हसत होतास ना तू?"

पहिला ठोसा कुणाचा, हे पुढं कोर्टात फार चघळलं गेलं. मी सांगते, तो त्याचाच होता. भाऊंच्या ओठावर बसला. भाऊंनी परत दिला आणि मग चौघं तुटून पडले. बाक उलटलं. आप्पा खाली पडले, त्यांच्या पाठीत लाथा बसत होत्या. मी मधे शिरले तर एकानं माझ्या दंडाला धरून मला भिंतीवर भिरकावलं, जसं दारातलं मांजर बाजूला करतात. "बाई, तुमी यात पडू नका," असंही म्हणाला. मालक झारा हातात घेऊन ओरडत होता, "माझ्या दुकानात नको, पाया पडतो, बाहेर जा!"

मग त्यांच्यातला एक जण आप्पांची कॉलर धरून त्यांना उभं करत म्हणाला, "गाव कोणतं तुझं?"

आप्पांनी गाव सांगितलं. त्यानं आडनाव विचारलं. आप्पांनी तेही सांगितलं.

त्याचा हात एकदम ढिला पडला. "अरे थांबा, थांबा. आपलेच निघाले." त्यानं आप्पांच्या शर्टावरची माती झटकली. चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. "काका, तुमी बाजूला व्हा. तुमचा काय संबंध नाय."

आणि पांढऱ्या शर्टवाल्यानं भाऊंना विचारलं, "तुझं आडनाव?"

भाऊंच्या तोंडातून रक्त येत होतं. ते थुंकले आणि त्यांनी आडनाव सांगितलं. पूर्ण, स्पष्ट, पगाराच्या रांगेत सांगावं तसं.

त्यावर तो जो शब्द बोलला तो मी इथं लिहीत नाही. त्या शब्दानंतर मारामारी राहिलीच नाही. तोपर्यंत चौघं भांडत होते. आता ते शिक्षा देत होते. भाऊंना फरफटत बाहेर खडीवर नेलं. दोघांनी पाय धरले. पांढऱ्या शर्टवाल्यानं पत्र्याला टेकू दिलेला लोखंडी पाइप उपसला. तो वर गेला तसा भाऊंनी डोक्यावर उजवा हात घेतला. ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. मी तो आवाज भिंतीपासून ऐकला.

आप्पा बाजूला उभे होते. त्यांना कुणी धरलं नव्हतं, कुणी त्यांच्याकडं बघतही नव्हतं. ते तसेच चालत गाडीकडं गेले असते तरी चाललं असतं. त्यांनी हातातला चष्मा घडी घालून खिशात ठेवला. उलटलेल्या बाकाजवळचा आपला स्टीलचा जेवणाचा डबा उचलला, कडीत बोटं नीट अडकवली आणि बाहेर येऊन भाऊंचे पाय धरणाऱ्यांतल्या एकाच्या कानशिलावर असा हाणला, की डबा उघडून दुपारचं वरण सगळ्यांच्या अंगावर उडालं. तो पोरगा गुडघ्यावर बसला. आप्पांनी परत हाणला.

"काका, येडे झालात का?" ज्यानं चष्मा उचलून दिला होता तोच ओरडला. आणि त्यानंच आप्पांच्या जबड्यावर मारलं, वीट घेऊन. आप्पांचं तोंड एका बाजूला सरकलं आणि तसंच राहिलं.

तोवर मी गाडीपाशी पोचले होते. डिकीत टॉमी असते, चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी. मी टूलरूममधली बाई आहे, लोखंड हातात कुठं धरलं की जोर बसतो हे मला शिकवावं लागत नाही. पांढऱ्या शर्टवाल्यानं पाइप दुसऱ्यांदा वर उचलला होता, या वेळी डोक्यासाठी. मी त्याच्या कोपरावर नेम धरून मारलं. पाइप खाली पडला. तो वळला, मला बघून त्याला खरंच वाटेना. मी दुसरी मारली, त्याच हातावर. तिसरीसाठी हात वर होता तेव्हा मी अशा शिव्या देत होते, ज्या मला येतात हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात हॉटेलवाला मधे आला. त्याच्या हातात झारा होता, कढईतून नुकताच काढलेला, तेल ठिबकत असलेला. तो त्यानं त्या चौघांसमोर फिरवला. "आता बास. कोन पुढं येतो?" तेलाचे थेंब खडीवर चुरचुरले. ते मागं सरकले. मोटारसायकली सुरू झाल्या. जाताना एकजण ओरडला, "बघून घेऊ!"

गाडी मी चालवली. भाऊ मागच्या सीटवर, हात मांडीवर ठेवलेला आणि जिथं सांधा नसतो तिथं वाकलेला. आप्पा माझ्या शेजारी, हनुवटी दोन्ही हातांत धरून. नक्षत्रवाडी मागं पडली. मग मागून भाऊंचा आवाज आला, "आप्पा. पुढं काय झालं त्या कापडाचं?"

आप्पांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक हात हनुवटीवरून काढला आणि डॅशबोर्डवर आपटला. मी रडत होते, तशातच हसायला लागले. गाडी दुभाजकाला घासली.

दवाखान्यात दोघांना एकाच खोलीत शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. आप्पांचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. भाऊंच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्सरे उजेडाला धरला आणि म्हणाले, "आत पट्ट्या बसवू. स्क्रूनं आवळून घेऊ."

भाऊंनी मेंटेनन्सच्या माणसाचा प्रश्न विचारला. "पट्टी कुठली?"

"पट्टी आपल्याकडंच बनते. पद्धत मात्र तिकडची. काही सर्जननी एकत्र येऊन सगळं ठरवलं, पट्टी कशी, स्क्रू कसा, भोक किती, कोणत्या क्रमानं आवळायचं. आता जगभर असंच करतात."

"तिकडची म्हंजे?"

"स्वित्झर्लंडची."

भाऊंनी डोळे मिटले. "डॉक्टरसाहेब," ते हळू म्हणाले, "हे शेजारच्या खाटेवर सांगू नका."

पण शेजारच्या खाटेवर आप्पा जागे होते. तारांनी बांधलेल्या तोंडातून घशातल्या घशात एक आवाज आला, आणि आप्पांनी चादरीतून एक बोट वर केलं. एक गुण. "पट्टी इथलीच हाये!" भाऊ ओरडले, "इथलीच! आइकलं ना?" नर्स धावत आली.

त्या संध्याकाळी भाऊंच्या वस्तीतली पोरं दवाखान्याच्या आवारात जमली. खूप होती आणि तापलेली होती. त्यांना त्या चौघांचं गाव पाहिजे होतं, त्यांची घरं पाहिजे होती. मला खरं सांगायचं तर मलाही पाहिजे होती. माझ्या हातांत अजून टॉमीचा जोर होता, आणि एवढी माणसं बघून मला बरं वाटलं. भाऊंच्या बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्या खाली उतरल्या आणि पोरांना म्हणाल्या, "तुमी कुणाला हात लावला तर उद्या पेपरात दोन गटांची दंगल छापून येईल. माझ्या नवऱ्याला मारलंय, ही दंगल नाहीये. घरी जा." पोरं एकदम गेली नाहीत. पण हळूहळू गेली.

मग त्या वर आल्या, मला म्हणाल्या, "ताई, त्यांनी आडनाव विचारलं आणि काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं."

"सांगाल?"

"सांगीन."

आप्पांकडं त्यांनी बघितलं नाही. आप्पांना त्यांनी विचारलंच नाही. मला वाटतं, नकार ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पांचे मेव्हणे गावाकडून दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. भाऊंची खाट शेजारीच होती, मधे एक हिरवा पडदा. मेव्हणे आवाज न उतरवता बोलत होते. मारामारी झाली, मान्य. पोरांचं चुकलं, मान्य. दवाखान्याचं ते बघतील. पण जातीवरून बोलल्याचं कलम लागलं तर पोरं वाया जातील. "दाजी, तुमी फक्त म्हणायचं, गडबडीत काय आइकू आलं नाय. बस. आपलीच पोरं हायेत." आप्पांचं तोंड बांधलेलं. मेव्हण्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाताना केळी ठेवून गेले, ज्या माणसाला घोटभर पेज गिळता येत नव्हती त्याच्यासाठी.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा आप्पांना तो लिहून द्यावा लागला. त्यांनी सगळं लिहिलं. तो शब्दही लिहिला. फौजदारानं वाचून विचारलं, "नक्की?" आप्पांनी कागद परत घेतला आणि त्या शब्दाखाली रेघ ओढली.

माझ्याविरुद्धही तक्रार झाली होती. पांढऱ्या शर्टवाल्याचं कोपर निकामी झालं होतं. माझ्या नवऱ्यानं घरी एकच विचारलं, "दोनदा का मारलंस?" मी म्हटलं, "तिसरी बसायच्या आत पळाले." त्यानंतर आठवडाभर तो मला स्वतः कंपनीत सोडायला आला. मोटारसायकलवरची दोन पोरं आमच्या इमारतीखाली येऊन तासन् तास उभी राहायची. एके दिवशी भरदुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीट आली. मी ती वीट उचलून गॅलरीतून त्यांच्याच गाडीवर टाकली. टाकीला पोचा पडला. आमच्या शेजारणीनं टाळ्या वाजवल्या. मोटारसायकल परत आली नाही.

आप्पांच्या तारा निघाल्या त्याच आठवड्यात त्यांची बाग तोडली गेली. सकाळी सालगड्याचा फोन आला. आप्पांना एकटं जाऊ द्यायचं नाही म्हणून मी आणि भाऊ बरोबर गेलो, भाऊंचा हात गळ्यात बांधलेला. मोसंबीची झाडं गुडघ्याएवढ्या उंचीवर कापली होती. फळं धरलेली होती. हिरवी फळं आणि पानं यांचा वास एवढा होता, की डोळे चुरचुरत होते. जाताना ठिबकच्या नळ्यांचेही तुकडे करून गेले होते, वावरभर काळे तुकडे.

आप्पांनी एक तुकडा उचलला. जबडा अजून बोटभरच उघडायचा. दातांतून म्हणाले, "ठिबक इस्रायलचं. स्विसचं नाय."

"ते दिसतंच हाये," भाऊ म्हणाले. "स्विस असतं तर तुकडे एका मापाचे निघाले असते."

आप्पा हसले. मी पाहिलं, ते खरोखर हसले. आणि हसता हसताच त्यांनी सालगड्याच्या हातातला कोयता ओढून घेतला आणि बांधावरून पलीकडच्या मेव्हण्यांच्या वस्तीकडं चालू लागले. पळत नव्हते. मी हाका मारल्या. भाऊ धावले आणि त्यांनी मागून, एका हातानं, आप्पांना कवळा घातला. आप्पांनी झटका दिला. कोयत्याची मूठ भाऊंच्या बांधलेल्या हातावर बसली, पट्टी बसवलेल्या जागी. भाऊ जे ओरडले, ते खडीवरसुद्धा ओरडले नव्हते. ते ढेकळांत आडवे झाले.

आप्पा थांबले. कोयता त्यांच्या हातून पडला की त्यांनी टाकला, सांगता येत नाही. मी तो उचलून विहिरीत टाकला. आप्पा भाऊंजवळ बसले आणि त्या हाताला हात लावायची हिंमत होईना म्हणून त्यांच्या चपलेवरची माती पुसत राहिले.

"मेला असता तो मेव्हणा," बऱ्याच वेळानं भाऊ म्हणाले, "अन् जेलमदी तुमाला चॉकलेट कोण आणून देणार होतं?"

खटला उभा राहायला वेळ लागला. मधल्या काळात आप्पांना गावातल्या लग्नाच्या पत्रिका येणं बंद झालं. सख्ख्या भाच्याच्या हळदीलाही बोलावणं नव्हतं. आप्पांच्या पत्नी त्या दिवशी घरात दिवसभर पितळेची भांडी घासत होत्या, आधीच लखलखीत असलेली.

कोर्टात आधी माझी साक्ष झाली. तो शब्द मला उच्चारावा लागला. मी उच्चारला. टायपिंग करणाऱ्याला ऐकू गेला नाही, म्हणून न्यायाधीशबाई म्हणाल्या, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितला. भाऊ समोर बसले होते. मी त्यांच्याकडं बघत होते आणि ते माझ्याकडं, आणि तो शब्द या वेळी माझ्या तोंडातून बाहेर पडत होता. मारामारीतल्या कुठल्याही क्षणापेक्षा तो क्षण मला वाईट गेला.

मग आप्पा उभे राहिले. समोरच्या वकिलानं वेगळीच गोष्ट रचली होती. त्यानं कंपनीच्या वॉचमनचं नाव घेतलं. या दोघांना सोडवताना वॉचमनला मधे पडावं लागलं होतं, हे खरं का?

"खरं," आप्पा म्हणाले.

"हे तुम्हाला 'मुडदा पाडीन' म्हणायचे?"

"रोज."

"रोज! कशावरून भांडायचात?"

"स्वित्झर्लंडवरून."

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "कशावरून?"

"स्वित्झर्लंडनं जगाला काय दिलं यावरून, मॅडम. यंत्रं, शोध. मी म्हणतो लई दिलं. हा म्हणतो काय नाय दिलं."

मागं कुणीतरी हसलं. वकीलही हसला, त्याला हेच हवं होतं. "म्हणजे त्या दिवशी हे भांडण हातघाईवर आलं. तुम्ही यांचा हात मोडला, यांनी तुमचा जबडा. आणि ही निष्पाप मुलं सोडवायला मधे पडली."

आप्पांनी तोंड उघडलं. त्यांचा जबडा बोलताना अजूनही कट्कट् वाजतो. तो आवाज आधी आला.

"साहेब," ते म्हणाले, "मी याचा हात मोडला असता तर आडनाव विचारून मोडला नसता. मला ते आधीपासून माहीत हाये."

वकिलानं पुढं बरेच प्रश्न विचारले. पण खोलीतली हवा बदलली होती, ते त्यालाही कळलं.

निकालात दोघांना शिक्षा झाली, पांढऱ्या शर्टवाल्याला आणि वीट मारणाऱ्याला. बाकीचे दोघं सुटले. शिक्षा झालेल्यांनी वर अपील केलं आणि ते जामिनावर बाहेर आहेत. माझ्याविरुद्धची तक्रार टिकली नाही. जीव वाचवायला मारलं, असं कोर्टानं मानलं. बाग कुणी तोडली, हे कधीच सिद्ध झालं नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात पांढऱ्या शर्टवाल्याची आई उभी होती. डोक्यावरून पदर, पायांत शेतातल्या चपला. मी समोरून गेले तर माझ्याकडं बघून म्हणाली, "माझ्या लेकाला त्या हातानं घास खाता येत नाय." माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. मग ती आप्पांपुढं गेली.

"तुमी आपल्या माणसाच्या विरोधात बोलले."

"नाय, माय," आप्पा म्हणाले. "माझा माणूस तो बघा तिथं उभा हाये."

तिनं भाऊंकडं पाहिलं. भाऊ खांबाला टेकून उभे होते. सगळ्या तारखांना ते इस्त्रीचे कपडे घालून आले, एकदाही आवाज चढवला नाही, निकाल ऐकतानाही फक्त खाली बघितलं. त्यांच्या बायको शाळेत गेल्या होत्या. भाऊंनी त्यांना फोनवर "झालं" एवढंच सांगितलं.

आम्ही गाडीत बसलो. क्रांती चौकाच्या सिग्नलला भाऊ म्हणाले, "आप्पा, बाजूला घ्या." आप्पांनी घेतली. भाऊ उतरले, फुटपाथच्या कडेला वाकले आणि ओकले. एकदा, मग परत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आप्पांनी पाण्याची बाटली घेतली, खाली उतरले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, "क्या हुआ, चाचा?"

"कुछ नई," आप्पा म्हणाले. "जाने दो."

भाऊंनी चूळ भरली, तोंड धुतलं, उरलेलं पाणी मानेवर ओतून घेतलं आणि परत येऊन बसले. आप्पांनी गाडी सुरू केली. जालना रोडला गर्दी होती. आम्ही पुंडलिकनगरला वळलो तेव्हा भाऊंचे डोळे मिटलेले होते, पण ते झोपलेले नव्हते.